अब्बांच्या नावावरचे घर

आमच्या अब्बांनी आयुष्यात दोन घरे केली. पहिले दापोली तालुक्यातल्या गावी, चिऱ्याचे, कुवेतच्या पगारातून वर्षाला एक खोली या हिशेबाने बांधलेले. दुसरे मुंब्र्यात, 1994 साली घेतलेला दोन खोल्या आणि स्वयंपाकघराचा फ्लॅट. 1992-93 च्या दंगलींनंतर मुंबईतली कितीतरी मुस्लिम कुटुंबे तेव्हा मुंब्र्याकडे सरकत होती. त्यांत आम्हीही होतो. "आता कुणी उठ म्हणणार नाही," असे म्हणून अब्बांनी चावी अम्मीच्या हातात दिली होती, हे आम्हा सर्व भावंडांना आठवते.

2015 मध्ये अब्बांचा इंतकाल झाला. मागे अम्मी आणि आम्ही पाच भावंडे: दोन भाऊ, तीन बहिणी. चार वर्षे काहीच प्रश्न आला नाही. मग अम्मीचे गुडघे गेले. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. तो विकून लिफ्ट असलेल्या इमारतीत लहानसे घर घ्यावे, असे ठरले. गिऱ्हाईक मिळाले, एक लाख रुपये बयाणाही घेतला. आठवडाभरात गिऱ्हाइकाच्या वकिलांनी एकच प्रश्न विचारला: "या घराचे मालक कोण?"

त्या प्रश्नाला आमच्या घरातून तीन उत्तरे निघाली. भाईजान म्हणाले, मी, कारण सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर माझे नाव आहे. अम्मी म्हणाली, मी, कारण अब्बांनी हे घर मला दिले होते. बाजी काही बोलली नाही, पण तिच्या गप्प राहण्यातच तिचे उत्तर होते. सौदा मोडला. बयाणा परत केला. सगळे कागद जुळवून, सगळ्यांच्या सह्या होऊन तो फ्लॅट विकायला आम्हाला पुढे दोन वर्षे लागली. त्या दोन वर्षांत अम्मी क्वचितच खाली उतरली.

त्या काळात वकील, सोसायटी, तलाठी आणि दुय्यम निबंधक यांच्या पायऱ्या झिजवून जे शिकलो, ते येथे मांडत आहोत. अब्बा-अम्मीच्या नावावर घर असलेल्या प्रत्येक कुटुंबाला आज ना उद्या यातून जावेच लागते.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे

अब्बांनी सोसायटीच्या फॉर्मवर नॉमिनी म्हणून भाईजानचे नाव लिहिले होते. थोरला मुलगा, कागदपत्रे त्याला कळतात, एवढाच त्यामागचा विचार. त्यांच्या पश्चात सोसायटीने शेअर सर्टिफिकेटवर भाईजानचे नाव चढवले आणि भाईजानने मनापासून समजून घेतले की घर आपले झाले. यात त्यांची लबाडी नव्हती. हा गैरसमज घराघरात आहे.

नॉमिनी हा सोसायटीशी व्यवहार करण्यापुरता माणूस. मेंटेनन्स कुणी भरायचा, नोटीस कुणाच्या नावे काढायची, हे सोसायटीला कळावे म्हणून ते नाव असते. महाराष्ट्राच्या सहकारी संस्था कायद्यात 2019 मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण आले. त्यात नॉमिनीला 'तात्पुरता सभासद' म्हटले आहे. कायदेशीर वारस कोण हे ठरेपर्यंत तो ते घर वारसांच्या वतीने सांभाळतो. मालकी वारसा कायद्यानेच ठरते. बँकेतल्या ठेवीचेही तसेच: नॉमिनी पैसे उचलू शकतो, पण ते वारसांची अमानत म्हणून.

म्हणून नॉमिनेशन जरूर करावे, न केल्यास पुढच्या अडचणी वाढतात. पण ते करताना घरातल्या सर्वांना सांगावे की हे नाव कशासाठी आहे.

सोळा आण्यांचा हिशेब

मुस्लिम वारसा कायद्यात माणूस हयात असेपर्यंत त्याच्या मालमत्तेवर मुलाचा, मुलीचा किंवा कुणाचाच हक्क नसतो. 'वडिलोपार्जित घरात जन्मापासून माझा हिस्सा' ही कल्पना आपल्या कायद्यात नाही. हक्क निर्माण होतो तो इंतकालाच्या क्षणी, आणि त्याच क्षणी सर्व वारसांचा एकदम होतो. त्यासाठी कुठली नोंद व्हावी लागत नाही. नोंद नंतर होते, हक्क आधीच झालेला असतो.

वाटणीआधी तीन गोष्टी बाजूला काढायच्या: कफन-दफनाचा खर्च, मय्यताचे कर्ज आणि वसियत असेल तर तिची रक्कम. पत्नीची न दिलेली मेहर हे कर्जच आहे, हे बहुतेक घरांत विसरले जाते. आमच्याकडेही निकाहनामा काढून पाहिला तेव्हा अम्मीच्या मेहरची रक्कम बाकी निघाली. ती आधी काढली.

उरलेल्या मालमत्तेत, मुले असतील तर पत्नीचा हिस्सा एक अष्टमांश. मय्यताचे आईवडील हयात असतील तर प्रत्येकी एक षष्ठांश. बाकीचे मुलामुलींत, मुलाला मुलीच्या दुप्पट. हा सुन्नी कायद्याचा हिशेब आहे. शिया कायद्यात काही बाबी वेगळ्या आहेत.

आमच्या वकिलांनी तो जुन्या पद्धतीने आण्यांत समजावला आणि अम्मीलाही लगेच कळला. अब्बांचे आईवडील आधीच गेलेले. घर सोळा आणे धरा. अम्मीचे दोन आणे. उरले चौदा. दोन मुलगे आणि तीन मुली म्हणजे सात भाग, एक भाग दोन आण्यांचा. तेव्हा प्रत्येक बहिणीचे दोन आणे आणि प्रत्येक भावाचे चार आणे. अम्मीचे दोन, तीन बहिणींचे सहा, दोन भावांचे आठ. झाले सोळा. सर्व देणी भागवून 40 लाख उरले, तर अम्मीला 5 लाख, प्रत्येक बहिणीला 5 लाख आणि प्रत्येक भावाला 10 लाख.

हिशेब इतका सोपा होता. चार वर्षे तो कुणी मांडलाच नव्हता.

इथे भाईजानचे एक म्हणणे रास्त होते. "मेंटेनन्स, घरपट्टी, गळतीचे काम, सगळे मी भरले." पावत्या त्यांनी जपून ठेवल्या होत्या. त्या जोडून आम्ही तो खर्च आधी त्यांना वळता केला आणि मग वाटणी केली. घरावर खर्च करणाऱ्याने पावत्या ठेवाव्यात आणि इतरांनी तो खर्च मान्य करावा. त्याने मालकी बदलत नाही, पण मने साफ राहतात.

"मला काही नको"

अब्बांना जाऊन दहा दिवस झाले नव्हते तेव्हा बाजी म्हणाली होती, "मला काही नको, तुम्ही भाऊ सुखी राहा." आम्ही ते शब्द सोयीने लक्षात ठेवले. वकिलांनी प्रश्न विचारल्यावर भाईजानने तिला त्याची आठवण करून दिली. तेव्हा ती म्हणाली, "बापाच्या मातीवर अजून पाणी सुकले नव्हते. तेव्हा कोणती मुलगी हिस्सा मागेल?"

यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. आजही नाही.

कायद्याची बाजू अशी. स्थावर मालमत्तेतला हक्क तोंडी बोलण्याने सुटत नाही. त्यासाठी नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागते. आणि वडील हयात असताना मुलीकडून 'माझा हक्क नाही' असे लिहून घेण्याला मुळातच आधार नाही, कारण त्या दिवशी तिचा हक्क निर्माणच झालेला नसतो. तिने त्या बदल्यात काही मोबदला घेतला असेल तर न्यायालय वेगळा विचार करू शकते. पण लग्नातला खर्च, दागिने किंवा रुखवत म्हणजे हिस्सा दिला असे होत नाही.

बहिणीने पुढे राजीखुशीने, आपला हिस्सा किती आणि त्याची किंमत किती हे कळल्यावर, सोडायचे ठरवले तर तो तिचा अधिकार आहे. पण आधी तिचा हिस्सा तिच्यासमोर ठेवावा. जे हातात आलेच नाही, ते तिने सोडले असे कसे म्हणणार? सूरह निसामध्ये मुलीचा हिस्सा ठरवून दिलेला आहे. तो भावाने द्यायची भेट नाही.

तोंडी हिबा

अम्मीचे म्हणणेही खोटे नव्हते. "हे घर तुझे," असे अब्बा तिला अनेकदा म्हणाले होते.

मुस्लिम कायद्यात बक्षीस, म्हणजे हिबा, तोंडी होऊ शकतो. त्याला तीन गोष्टी लागतात: देणाऱ्याने स्पष्ट जाहीर करणे, घेणाऱ्याने कबूल करणे आणि ताबा देणे. लेखी हिबा नोंदवलाच पाहिजे असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही 2011 मध्ये एका निकालात मान्य केले आहे. पण कायद्याने चालणे वेगळे आणि सिद्ध करता येणे वेगळे. अब्बा नेमके कधी, कुणासमोर म्हणाले? 'घर तुझे' हे हिबा म्हणून म्हणाले की नवरा बायकोला प्रेमाने म्हणतो तसे? साक्षीला असलेले चाचा वारलेले. घरपट्टी, वीजबिल, सोसायटी, कुठेही अम्मीचे नाव नाही. शेवटी अम्मीनेच तो दावा सोडला. "कोर्टात त्यांच्या बोलण्याची उलटतपासणी नको," एवढेच म्हणाली.

ज्यांना खरोखर हिबा करायचा आहे त्यांनी तो लेखी करावा आणि दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा. महाराष्ट्रात राहते घर पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातवंडे किंवा मृत मुलाची पत्नी यांना बक्षीस दिल्यास मुद्रांक शुल्क 2015 च्या दुरुस्तीने 200 रुपये इतके नाममात्र ठेवले आहे. स्थानिक अधिभार आणि नोंदणीचा खर्च वेगळा असतो, त्याची आधी चौकशी करावी. भाऊ-बहीण या सवलतीच्या यादीत नाहीत. नोंदणीनंतर ताबा दिल्याची खूण म्हणून सोसायटी, घरपट्टी आणि वीजबिलावरही नाव बदलून घ्यावे.

मात्र मुलींना वगळण्याची पळवाट म्हणून हिबा करू नये. मुलांपैकी एकालाच दिलेल्या भेटीवर साक्षीदार व्हायला पैगंबरांनी (स.) नकार दिल्याची हदीस आपल्यापैकी अनेकांनी ऐकली आहे.

वसियतीचीही मर्यादा ओळखून असावे. सुन्नी कायद्यानुसार वसियतीने एक तृतीयांशापेक्षा जास्त देता येत नाही, आणि जो आधीच वारस आहे त्याच्या नावे केलेली वसियत इतर वारसांनी नंतर संमती दिली तरच चालते. 'सगळे घर थोरल्याला' अशी वसियत म्हणूनच टिकत नाही.

अनाथ नातवंडे आणि अज्ञान मुले

दोन परिस्थितींत आपण फार सावध असायला हवे.

पहिली: वडिलांच्या हयातीत एखादा मुलगा वारला आणि त्याची मुले मागे राहिली. आजोबांच्या पश्चात दुसरा मुलगा हयात असेल तर सुन्नी कायद्यात त्या नातवंडांना वारसा मिळत नाही. नातवंडे त्याच घरात वाढलेली असतात आणि एके दिवशी त्यांना कळते की घरात त्यांचा हिस्सा नाही. उपाय आजोबांच्या हातात असतो. एक तृतीयांशापर्यंत वसियत किंवा हयातीत हिबा. ही नातवंडे वारस नसल्याने त्यांच्या नावे वसियत करायला अडचण नाही. आजोबा हयात आहेत तोवरच हे होऊ शकते.

दुसरी: वारसांपैकी कुणी अठरा वर्षांखालचे आहे. मुस्लिम कायद्यात अज्ञान मुलाच्या मालमत्तेचे पालक वडील, वडिलांनी नेमलेला माणूस, आजोबा किंवा आजोबांनी नेमलेला माणूस. आई नाही, थोरला भाऊ नाही, चाचाही नाही. म्हणून विधवा आईने किंवा चाचाने अज्ञान मुलाचा घरातला हिस्सा विकायचा असेल तर आधी जिल्हा न्यायालयाची परवानगी लागते. ती न घेता झालेली विक्री त्या हिश्शापुरती टिकत नाही. घर घेणाऱ्यानेही हे लक्षात ठेवावे.

गावचे घर

मुंब्र्याचा फ्लॅट निदान अब्बांच्या नावावर होता. गावच्या घराखालच्या जमिनीचा सातबारा काढला तेव्हा तो अजून आजोबांच्या नावावर निघाला. घरपट्टी चाचांच्या नावावर, आणि घर बांधलेले अब्बांनी.

ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वरची नोंद ही कर आकारण्यापुरती असते. ती मालकीचा पुरावा नाही. गावठाणाबाहेरच्या जमिनीसाठी सातबारा आणि फेरफार, शहरात मिळकत पत्रिका पाहावी. गावठाणातल्या घरांना बहुधा सातबारा नसतो. त्यांच्यासाठी 2020 पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळत आहे. मोजणीच्या वेळी घरातले कुणी तरी गावात हजर असावे. कोकणातली निम्मी घरे बंद असतात, कर्ते पुरुष आखातात किंवा मुंबईत. मग हद्द शेजारी सांगतो ती लागते.

वारस नोंदीचा अर्ज इंतकालानंतर तीन महिन्यांत तलाठी कार्यालयात द्यायचा असतो. आता तो ई-हक्क प्रणालीतून घरबसल्याही करता येतो. मृत्यू दाखला आणि सर्व वारसांच्या तपशिलासह प्रतिज्ञापत्र लागते. तलाठी फेरफार धरतात, हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस निघते आणि मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. उशीर झाला तरी नोंद होते. 2025 मध्ये शासनाने 'जिवंत सातबारा' ही मोहीम राबवली ती अशाच मयत खातेदारांच्या जागी वारस लावण्यासाठी. अर्जात बहिणींची नावे गाळू नयेत. एक नाव गाळले की पुढची प्रत्येक नोंद वादाची होते.

परदेशातल्या भावंडांसाठी

आमची धाकटी बहीण शारजाहला असते. तिच्या सहीसाठी मुखत्यारपत्र करावे लागले. ते तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून इथे पाठवायचे आणि भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचे. मजकुरात कुठले घर, कोणता अधिकार, विकण्याचा की फक्त कागद हलवण्याचा, हे स्पष्ट लिहावे. 'सर्व अधिकार' असे मोघम मुखत्यारपत्र सख्ख्या भावालाही देऊ नये.

विकणारा परदेशस्थ असेल तर त्याच्या रकमेतून आयकर कापण्याचे नियम वेगळे आणि कडक आहेत. देशात राहणाऱ्या विक्रेत्याच्या बाबतीत 50 लाख किंवा त्याहून अधिक किमतीला घेणाऱ्याने 1 टक्का कापून भरायचा असतो. परदेशस्थाच्या बाबतीत कपात बरीच मोठी होते. कमी दराचा दाखला आयकर कार्यालयातून आधीच मागता येतो. सौद्याआधी सल्ला घ्यावा.

घेणाऱ्याने काय पाहावे

आपल्यातली अनेक कुटुंबे व्याज नको म्हणून कर्ज न घेता घर घेतात. बचत, बिशी, नातेवाइकांची उसनवारी, विकलेले दागिने यांतून पैसा उभा राहतो. हे चांगलेच आहे, पण यात एक धोका दडलेला असतो. कर्ज देणारी बँक आपला वकील लावून घराचे कागद तपासते. कर्ज नसेल तर ते कागद कुणीच तपासत नाही. म्हणून तो वकील आपणच लावावा. आयुष्यभराच्या कमाईपुढे त्याची फी फार नसते.

जुने घर घेताना तीस वर्षांचा शोध अहवाल, मूळ बिल्डरपासून आजपर्यंतच्या करारांची साखळी, प्रत्येक कराराची सूची क्रमांक 2, भोगवटा प्रमाणपत्र आणि सोसायटीची थकबाकी नसल्याचा दाखला मागावा. मधला एखादा मूळ करार हरवला असेल तर पोलिसांत गहाळ झाल्याची तक्रार, वृत्तपत्रात जाहीर नोटीस आणि निबंधक कार्यालयातून प्रमाणित नक्कल, असा मार्ग आहे. आमच्या फ्लॅटचा पहिला करार असाच हरवला होता.

मालक वारलेला असेल तर सर्व वारसांच्या, लग्न झालेल्या मुलींच्याही, सह्या मागाव्यात. शंका असेल तर दिवाणी न्यायालयाचा वारस दाखला मागावा. "बहिणी काही बोलणार नाहीत," असे विकणारा म्हणाला तर समजावे की बहिणींना विचारलेलेच नाही.

नव्या प्रकल्पात महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची नोंदणी, मुदत आणि चालू दावे पाहावेत. नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. रोखीत दिलेल्या रकमेची पावती नसेल तर ती रक्कम गेली असे समजावे.

हयातीतच

आमचा फ्लॅट 2021 मध्ये विकला गेला. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात अम्मी, भाईजान, बाजी, सगळे एका बाकावर बसलो होतो. धाकटीचे मुखत्यारपत्र फाइलमध्ये होते. पैसे सोळा आण्यांच्या हिशेबाने ज्याच्या त्याच्या खात्यात गेले. अम्मीच्या नव्या घरासाठी बाजीने आपल्या वाट्यातून पैसे घातले. तिला कुणी सांगितले नव्हते. हक्क हातात आल्यावर तिने स्वतःहून दिले.

नवे घर अम्मीच्या नावावर झाले तेव्हा तिनेच आम्हाला बसवले आणि एक वही मागितली. सूरह बकरामध्ये देण्याघेण्याचे व्यवहार साक्षीदारांसह लिहून ठेवायला सांगणारी आयत ही कुरआनमधली सर्वात मोठी आयत आहे, हे तिला लहानपणापासून माहीत होते. तिने त्या वहीत लिहून घेतले ते असे. आपणही ते लिहावे:

कोणते घर, कोणती जमीन, कुणाच्या नावावर आणि कशातून घेतलेली.

मूळ करार, सूची क्रमांक 2, शेअर सर्टिफिकेट, सातबारा किंवा मिळकत पत्रिका कुठे ठेवली आहे.

कुणाचे देणे आहे, कुणाकडून येणे आहे, आणि मेहर दिली आहे की बाकी आहे.

नॉमिनी कोण आणि तो नॉमिनीच आहे, मालक नाही, हे सर्वांना सांगितले आहे की नाही.

हिबा किंवा वसियत केली असेल तर ती कुठे नोंदवली आणि साक्षीदार कोण.

सर्व वारसांची पूर्ण नावे, मुलींची लग्नाआधीची आणि नंतरचीही.

आपल्या अब्बा-अम्मींना हे विचारणे अवघड वाटते. हिश्श्यावर डोळा आहे असे वाटेल, अशी भीती असते. आम्हालाही वाटत होती, म्हणून आम्ही विचारले नाही, आणि अब्बांना जे सांगायचे होते ते त्यांच्याबरोबर गेले. मुलाने विचारण्याआधी बापानेच एका जुम्म्याला मुलामुलींना एकत्र बसवून सांगितले तर कुणालाच विचारावे लागणार नाही.